तिसरी पायरी ठेंगणी आहे

पेशंट कोण

यशोधरा मेश्राम, वय एकोणचाळीस, राहणार हिंगणघाट, सध्या मुक्काम कोट्टयम. पाय सुजलेले. तक्रार विचारल्यास "काही नाही" म्हणते. ही नर्सांची जुनी सवय आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नये.

पूर्वी ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक खाटेपाशी उभी करून सांगायची: पेशंट कोण, काय झालं, काय दिलं, काय बघायचं. चारच प्रश्न. याला ओव्हर देणं म्हणत. घेणारीनं सगळं परत म्हणून दाखवायचं आणि शेवटी म्हणायचं, "घेतली." त्या एका शब्दानंतर खाटेवरचा जीव तिच्या पदरात. आता ओव्हर कुणी देत नाही, आता रुळवणी असते. पण यशोधराची गोष्ट जुन्या रीतीनंच सांगायला हवी, उभ्या उभ्या, पाय दुखत असताना.

तर यशोधरा. तेरा आठवड्यांच्या करारावर शहरोशहरी फिरणारी नर्स. रायपूर, सुरत, हुबळी, विजयवाडा, जमशेदपूर. कोट्टयम सहावं. गावातलं इस्पितळ बंद पडून सात वर्षं झाली होती, आणि कायमची नोकरी आता कुठलंच इस्पितळ देत नव्हतं. घरी एकटे बाबा: शालिकराम मेश्राम, एसटीतले रिटायर कंडक्टर. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळतो. डबा शेजारून येतो.

केरळच्या नर्सा आयर्लंडपासून न्यूझीलंडपर्यंत साऱ्या जगानं नेल्या, आणि म्हाताऱ्यांनी भरलेल्या त्या हिरव्यागार गावांत सुई टोचायला कुणी उरलं नाही. म्हणून विदर्भातून मागवल्या. हे ऐकून बाबा म्हणाले होते, "म्हंजे कापसाच्या गावाले वाती पाठवून राहिले म्हण ना!"

पहिल्याच सकाळी ती स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात शिरली आणि तिला सगळं ठाऊक होतं. दुसरा खण अडकतो, आधी किंचित आत ढकलावा. नऊ नंबरच्या खाटेचा कठडा वर उचलून मग सोडावा. स्टोअरच्या दारामागच्या खुंटीवर छत्री नसते, छत्री फ्रिजवर असते. हात आपोआप जात होते.

पाय मात्र दगा देत होते. कॅन्टीनला उतरून परत चढताना तिसऱ्या पायरीला ठेच. होस्टेलच्या जिन्यात, बँकेत, चर्चसमोरच्या दुकानाच्या फळीवर, जिथं जिथं चढायचं तिथं तिथं तिसऱ्या पायरीला पाय कमी उचलला जायचा आणि अंगठा धडकायचा. दुसऱ्या आठवड्यात नख काळं पडलं.

"नवी चप्पल घे," वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर ॲलिकुट्टी म्हणाल्या. सगळ्या त्यांना चेच्ची म्हणत, म्हणजे ताई. निवृत्तीला एक वर्ष राहिलेली, रुंद हाडाची, कायम आलं चघळणारी बाई.

"चप्पल नवीनच आहे, चेच्ची."

"मग पाय नवीन घे."

(इथं थोडं शास्त्र. ज्याला घाई असेल त्यानं पुढं जावं, पण मग नंतर मला विचारू नये.)

एखादी जागा आपण दोन तऱ्हांनी ओळखतो. एक ओळख तोंडानं सांगता येते: पत्ता, मजला, खोलीचा नंबर. दुसरी सांगता येत नाही, कारण ती हातापायांत असते. डोळे न उघडता तांब्या उचलणारा हात तिच्यावर चालतो. ही ओळख दिवसा मिळते, पण मुरते झोपेत. गाढ झोपेत मेंदू दिवसभराच्या वाटा भराभर पुन्हा चालून बघतो, आणि त्या जागेचे वास, आवाज त्यात गुंफत जातो. एका जागी वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाच्या कपाळाला झोपताना पट्टा बांधला, तर हे चालणं टिपता येतं. काय आठवलं ते कळत नाही. कोणत्या क्रमानं, कोणत्या लयीत आठवलं ते कळतं. मग नव्या माणसाला तीन दिवस पट्टा बांधून झोपवायचं. उशाशी त्या वॉर्डाचे वास आणि आवाज बारीक सोडायचे, आणि मेंदूच्या संथ लाटांवर तीच लय विजेच्या हलक्या टिचक्यांनी वाजवायची. चौथ्या दिवशी तो माणूस परक्या वॉर्डात शिरतो आणि तिथं रुळलेला असतो. आठवण मिळत नाही. ओळख मिळते.

करार संपला की उतरवणी. तेच वास, तेच आवाज. मुरलेली ओळख जागी झाली की काही काळ सैल पडते. ती सैल असताना तिला पुन्हा बसू द्यायचं नाही, की ती सुटते. पेशंटांचं खासगीपण राखायला कायद्यानं हे सक्तीचं होतं. शिवाय एका वॉर्डावर दुसरा वॉर्ड बसत नाही. पाटी पुसल्याशिवाय नवं शहर नाही.

काय झालं

जमशेदपूरहून घरी गेली त्या दुपारची गोष्ट. चार पायऱ्या चढून ती आतल्या अंधाऱ्या खोलीत शिरली. बाबा खाटेवर बसले होते. तिचा तळवा भिंतीवर घासत फिरत राहिला.

"काऊन व यशू, भिंत चाचपून राहिली?"

"बटण बघतेय, बाबा."

"तुह्या जन्माच्या आधीपासून तिथंच हाय ते."

ती हसली. मग मिठाचा डबा. डबा कुठं असतो हे तिला माहीत होतं, कागदावर स्वयंपाकघराचा नकाशा काढून दिला असता. पण हात गेला तो रिकाम्या फळीवर. दार उघडेना, कारण ते थोडं उचलून ढकलायचं असतं हे खांदा विसरला होता. चार दिवस ती त्या घरात एखाद्या ओळखीच्या लॉजमध्ये राहावं तशी राहिली. सगळं माहीत, काहीच आपलं नाही. बाबांना दिसत नव्हतं, पण आंधळा माणूस घरात कोण कसं चालतं ते ऐकतो. निघताना ते म्हणाले, "पाहुण्यावानी राहून गेली व माय." रागानं नाही. तिकीट फाडून द्यावं तसं.

ते वाक्य घेऊनच ती कोट्टयमला आली होती. तिला एकच हवं होतं: पुढच्या खेपेला घरी जावं आणि ते घर वाटावं.

पाचव्या आठवड्यात चेच्चींनी तिला पकडलं. पंप असले तरी यशोधरा सलाइनचे थेंब घड्याळ लावून स्वतः मोजायची, पूर्ण एक मिनिट. आणि मोजताना तिचे ओठ हलायचे.

"मोजताना कुठं जातेस?" चेच्चींनी हिंदीत विचारलं.

"घरी," यशोधरा म्हणाली. लाजली.

पंधरा वर्षांची सवय होती ती. सुरतेच्या उकाड्यात, हुबळीच्या त्या ओल आलेल्या वॉर्डात, कुठंही:

*एक. दोन. चार पायऱ्या चढले. तीन. चार. दार उचलून ढकललं. पाच. सहा. डावीकडं खाली बटण. सात. आठ. मिठाचा डबा, रॉकेलच्या जुन्या स्टोव्हमागं. नऊ. दहा. बाबांची खाट.*

दिवसाला तीस-चाळीस खेपा. थकव्यावरचा तेवढाच एक उतारा.

चेच्चींनी तोंडातलं आलं काढून टाकलं. "किती उतरवण्या झाल्या?"

"पाच."

"वेडी बाई! कुणी सांगितलं नाही तुला? ड्यूटीवर जे आठवशील ते ड्यूटीच्या धाग्यात विणलं जातं. उतरवणीत धागा ओढतात. त्याच्याबरोबर काय काय उसवतं ते त्या यंत्राला काय ठाऊक? जिचं घरी भांडण असतं तिला चांगलं आहे. तुझ्यासारखी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

म्हणजे जितकी आठवण काढली, तितकं घर सुटलं. सगळ्यात जास्त कुठं आठवलं होतं? वॉर्डात. सगळ्यात जास्त कुठून गेलं? तिथूनच.

त्या दिवसापासून ती नुसतं मोजू लागली. पण औषध पिताना माकड आठवू नका म्हणणाऱ्या वैद्यासारखं ते. घर येतच राहिलं, आणि येताना किती थोडं उरलंय ते दाखवत राहिलं:

*एक. दोन. चार पायऱ्या. तीन. चार. दार. पाच. सहा.*

*सात. आठ.*

*नऊ. दहा. बाबांची खाट.*

काय दिलं

चौदा नंबरला लीलाम्मा होत्या. वय सहासष्ट. न्यूमोनियानं आल्या, तो बरा झाला, पण डोक्यातली विस्मृती बरी होणारी नव्हती. दोन मुलगे, एक डब्लिनला, एक टोरांटोला. घर विकून तिथं गेस्ट हाउस झालेलं. न्यायला कुणी नाही म्हणून खाट त्यांचीच राहिली.

दिवसभर त्या गाईसारख्या शांत असत. पण सकाळी आठला, ड्यूटी बदलायच्या वेळी, ताडकन उठायच्या. पर्स शोधायच्या, सलाइन ओढून काढायच्या, दाराकडं धावायच्या. "नाइट संपला! घर जाते!" अडवलं तर चावायच्या. गोळी दिली तर दुपारपर्यंत मातीच्या गोळ्यासारख्या पडून राहायच्या. मग मऊ पट्ट्यांनी मनगटं कठड्याला बांधायची, असं ठरून गेलं होतं.

तरुणपणी अकरा वर्षं त्या नागपूरला नर्स होत्या, त्यामुळं यशोधराशी मराठीत बोलत. "तू कुठला?"

"हिंगणघाटची."

"हां, हिंगणघाट. ऊन जास्ती, मिरची जास्ती, माणूस चांगला." हे रोज नव्यानं व्हायचं.

सहाव्या आठवड्यात एकदा आठ वाजता पट्ट्या बांधायला यशोधरा एकटीच होती. लीलाम्मांनी पाय खाली सोडला, आणि यशोधराच्या तोंडून, का ते तिलाही कळलं नाही, शब्द गेले:

"हळू. तिसरी पायरी ठेंगणी आहे."

लीलाम्मा थबकल्या. हवेत धरलेला पाय त्यांनी हळूच टेकवला.

"तुला कोण सांगितला?"

कुणी सांगितलं? यशोधरानं आपल्या काळ्या नखाकडं पाहिलं. मग डोळे मिटले आणि पायाला विचारलं.

"जांभ्या दगडाच्या पायऱ्या," ती हळूहळू म्हणाली. "तीन. वर लाल फरशी, गार. उजव्या हाताला बटण, उंचावर. मागच्या दाराची कडी नुसत्या हातानं निघत नाही..."

"गुडघा लावायचा!" लीलाम्मा ओरडल्या.

"गुडघा लावायचा. बाहेर विहीर. रहाट कुरकुरतो. बादली उलटी ठेवलेली."

"उलटी. नाही तर बेडूक जाते." लीलाम्मा खाटेवर बसल्या. चेहऱ्यावरची घाई उतरली. पाठीचा कणा सरळ झाला, आणि बत्तीस वर्षं ज्या आवाजात म्हटलं होतं त्याच आवाजात, पट्ट्या न बांधलेले हात मांडीवर ठेवून, त्या म्हणाल्या, "घेतली."

आणि आडव्या होऊन झोपल्या. गोळीशिवाय.

चेच्चींना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चौदा नंबरकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "या वॉर्डाची रुळवणी कुणाच्या कपाळाच्या पट्ट्यावरून केली, माहीत आहे? लीलाम्माच्या. ती याच वॉर्डातून निवृत्त व्हायच्या आधी. तीसुद्धा थेंब मोजताना घरी जायची. आम्ही चिडवायचो, नवरा वाट बघतोय वाटतं!"

एकवीस वर्षांच्या वॉर्डाबरोबर तिचं घरही पट्ट्यात आलं होतं, चोरवाटेनं. जिचं होतं तिच्या डोक्यातून गेलं. जमिनीवरूनही गेलं. ते आता फक्त हिंगणघाटच्या एका बाईच्या अंगठ्याला ठाऊक होतं.

त्यानंतर रोज आठ वाजता यशोधरा चौदा नंबरपाशी उभी राहून ओव्हर द्यायची. पट्ट्या कपाटात गेल्या. एकदा तिनं सगळं कागदावर उतरवून लीलाम्मांना वाचून दाखवायला चेच्चींकडं दिलं, पण जमलं नाही. कागदावर घराला एकच दार होतं. लीलाम्मा रोज वेगळ्या दारातून शिरायच्या, मधेच विचारायच्या, "आणि फणसाखाली काय आहे?" चेच्ची कागद चाळत बसायच्या. यशोधरा डोळे मिटायची आणि तळव्याला खडे टोचायचे.

आणखी एक झालं. मोजताना आता तिला आपलं घर येईना. दुसरंच यायचं. लाल फरशी, रहाट. ते यायचं तेव्हा बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटायची.

काय बघायचं

तेराव्या आठवड्यात एजन्सीच्या परागचा फोन आला. उत्साही मुलगा, त्याला कधी कुणी थकलेलं दिसत नसे.

"ताई, सोमवारपासून उतरवणी, आणि पुढं उदयपूर! तलावाच्या काठावर होस्टेल आहे."

"पराग, उतरवणीत जे निघतं ते कुठं जातं?"

"कुठंच नाही जात. बसू देत नाहीत, एवढंच."

"म्हणजे परत मिळत नाही."

"परत कशाला हवंय ताई? हे सगळं पेशंटांचं असतं."

"सगळं नसतं," यशोधरा म्हणाली. "मी उतरवणी करणार नाही."

परागचा उत्साह ओसरला. मग त्यानं समजावलं, आणि खरं तेच सांगितलं: खासगीपणाच्या नियमात नोंद होईल, चौकशी होईल, रुळवणीच्या यादीतून नाव जाईल. एकदा गेलं की कुठलीच एजन्सी घेत नाही. "मग काय करणार तुम्ही?"

"लसी टोचेन. तालुक्याला अजून हातानं टोचतात."

"एका म्हातारीसाठी?"

तिला म्हणायचं होतं, दोन म्हाताऱ्यांसाठी. एक चौदा नंबरची, एक हिंगणघाटचा. या खेपेला धागा ओढला तर शेवटी उरलेली चार पायऱ्या आणि खाटसुद्धा जाईल, आणि लीलाम्माच्या मनगटांवर पुन्हा पट्ट्या. पण हे सगळं फोनवर बोलायचं म्हणजे उभं राहायला हवं होतं, आणि पाय दुखत होते. ती म्हणाली, "हो."

जायच्या दिवशी तिनं लीलाम्मांना काही सांगितलं नाही. सांगून ते टिकलं नसतं. चेच्चींना म्हणाली, "आठ वाजता फोन लावून त्यांच्या कानाला धरायचा. मी बोलेन."

"रोज?"

"रोज."

"वर्षानं मी निवृत्त होते, मोळे." मोळे म्हणजे पोरी.

"नंतर येईल तिला ओव्हर द्या."

चेच्चींनी आल्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. निरोप म्हणून तेवढंच.

हिंगणघाटला दुपारी पोचली. पहिली पायरी, दुसरी, तिसरीवर ठेच.

आतून बाबांचा आवाज आला, "कोण व ते?"

"मी."

"यशू नाही. यशू त्या पायरीवर कधी अडखळत नाही. त्या पायऱ्या मी बांधल्या, चारी सारख्या."

ती आत जाऊन खाटेच्या कडेला बसली आणि सगळं सांगितलं. थेंब, धागा, लीलाम्मा, काळं नख. बाबा ऐकत राहिले. 

"म्हंजे दुसऱ्याचं घर घेऊन आली."

"हो."

"अन् आपलं?"

"थोडंच राहिलं, बाबा. पायऱ्या आणि तुमची खाट."

म्हातारा खाटेच्या कडेला सरकला. मग उठला. हात भिंतीवर ठेवला, आणि बोटाच्या पेरानं भिंतीवर दोनदा ठोकलं, टक टक, गाडी सोडायची घंटी द्यावी तसं.

"उठ. चाल माह्यामागं. बोलत जातो, तू परत म्हण. पयला थांबा, दार. थोडं उचलून ढकलाचं. काऊन? दोन हजार नऊच्या पुरात फुगलं ते."

"दार. उचलून ढकलायचं. पुरात फुगलं."

"दुसरा थांबा, बटण. डाव्या हाताले, अन् खाली. इतकं खाली काऊन हाय?"

"माहीत नाही."

बाबांचा हात बटणावरच राहिला. हे ती विसरली असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"तुही आई बुटकी होती," ते म्हणाले. "तिचा हात जिथं पोचे तिथं लावलं. म्हण."

"डाव्या हाताला खाली बटण," यशोधरा म्हणाली. "आई बुटकी होती."

"पुढं चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. कोट्टयमहून श्वासाची घाई, खाटेचा खडखडाट. यशोधरा डोळे मिटून अंगणात उभी राहिली आणि सांगत गेली: तीन पायऱ्या, तिसरी ठेंगणी, लाल फरशी, गुडघा, विहीर, उलटी बादली. फणसाखाली आज काय होतं? आज गळालेली पानं होती. पलीकडून, दमलेल्या समाधानानं, "घेतली." फोन बंद झाला.

ती आत आली. हात भिंतीवर गेला. उजवीकडं, उंचावर. तिथं काही नव्हतं. डावीकडं आला, वर राहिला, घसरत खाली आला.

खाटेवरून बाबा म्हणाले, "काल चारदा फिरला हात. आज तीनदा."

"विसरते बाबा, सारखं."

"मंग परत सांगतो."

"रोज सांगावं लागेल."

"सांगीन ना," म्हाताऱ्यानं काठी चाचपून घेतली. "मले कुठं जायाचं हाय?"

टक टक.